कोपऱ्यातल्या माणसांचा खेळिया

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानासाठी फोन आला तेव्हा मी विषय लगेच सांगून टाकला : दिलीप प्रभावळकर. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग कार्यवाह दबक्या आवाजात म्हणाले, ‘‘सर, आपली व्याख्यानमाला गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ असते. ते तर चांगले ठणठणीत आहेत.’’ मी म्हटलं, स्मृती गुरुजींची, विषय माझा. शिवाय हयात माणसाविषयी बोलण्यात एक धाक असतो. गेलेल्या माणसाबद्दल आपण वाटेल ते ठोकून देतो आणि तो बिचारा ऐकून घेतो. इथे चूक झाली तर दुरुस्त करणारा माणूस आहे.

माझी ओळखही करून देतो, म्हणजे अपेक्षा बेतात राहतील. मी नाटक-सिनेमातला नाही. मूळचा सावंतवाडीकडचा, आयुष्यभर मराठी शिकवली, आता निवृत्त आहे. प्रभावळकरांशी माझी काडीचीही ओळख नाही. आज जे सांगणार आहे ते नाट्यगृहातल्या मागच्या खुर्चीतून आणि घरातल्या टीव्हीसमोरच्या सतरंजीवरून दिसलेलं आहे.

त्यांचं नाव काढलं की एक शब्द धावत पुढे येतो, ‘अष्टपैलू’. सत्काराचं पत्रक असो, वर्तमानपत्रातला परिचय असो, हा शब्द ठरलेला. मला त्याचा कंटाळा आला आहे. पैलू खड्याला पाडतात, आणि खडा कसाही फिरवला तरी तो तोच खडा राहतो. दुसरं असं की एखाद्याने किती प्रकारची कामं केली, याची यादी म्हणजे त्याच्या अभिनयाचं वर्णन नव्हे. जिन्नस वाण्याच्या दुकानातही पुष्कळ असतात.

मला गेली काही वर्षं वेगळीच एक गोष्ट खुणावते आहे. त्यांच्या ज्या भूमिका लोकांच्या मनात राहिल्या त्या ओळीने मांडून बघा. एक भित्रा, किडकिडीत कारकून. लहानपणी डोक्याला मार लागून तिथेच थांबलेला एक मुलगा, जो शरीराने मोठा झाला आहे. तीन पिढ्यांच्या घरातले एक आजोबा. ज्याच्या मरणाकडे लोक डोळे लावून बसले आहेत असा कोकणातला एक म्हातारा. भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसलेला महात्मा. आणि अगदी अलीकडे, डोळ्यांनी अधू होत चाललेला एक दशावतारी नट. ही सगळी माणसं कुणीतरी कोपऱ्यात सरकवलेली आहेत. कुणाला घराने, कुणाला गावाने, कुणाला देशाने. प्रभावळकर या माणसांना कोपऱ्यातून ओढून मधोमध आणत नाहीत. ते स्वतःच त्या कोपऱ्यात जाऊन बसतात आणि तिथून जग कसं दिसतं ते दाखवतात. आणि यातल्या एकाचीही कीव करण्याची सोय ते आपल्याला ठेवत नाहीत.

हे मला पहिल्यांदा कुठे जाणवलं, तिथून सुरुवात करतो.

मी तेव्हा शिकायला मुंबईत, परळच्या एका चाळीत मामाकडे राहत होतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं, पण चाळीत मजल्यावर एकच टीव्ही, तोही शटरच्या लाकडी खोक्यातला. त्या घरच्या काकूंनी आम्हां पोरांसाठी चपला काढायची एक जागा आखून दिली होती. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्या खोक्यात ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ लागायला लागलं. निर्मिती विजया जोगळेकर-धुमाळे यांची. चिमणराव प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. मालिकेची वेळ झाली की जिन्यावर वर्दळ संपायची, आणि ज्यांचं त्या काकूंशी बोलणं नव्हतं तेही दारात येऊन उभे राहायचे.

चिं. वि. जोशी हे बडोद्याच्या कॉलेजात पालीचे प्राध्यापक, बौद्ध वाङ्मयाचे गाढे अभ्यासक. त्यांनी चिमणराव नावाचा एक मध्यमवर्गीय ब्राह्मण गृहस्थ जन्माला घातला आणि महाराष्ट्राला कायमचा नातेवाईक मिळाला. मालिका आली तेव्हा तो पडद्याला नवा नव्हता. चाळीसच्या दशकात मास्टर विनायकांच्या चित्रपटांमधून दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी घराघरांत पोचवलेली होती. म्हणजे प्रभावळकरांच्या आधी चिमणरावाला एक चेहरा होता, तोही दामूअण्णांचा! त्या डोळ्यांशी, त्या मुद्रेशी स्पर्धा करायची तर कुणीही तोंड वेडंवाकडं करण्याच्या मोहात पडला असता.

इथे एक वाचनातली गोष्ट सांगायला हवी. मूळ कथांमध्ये चिमणराव स्वतःच बोलतो. ‘मी’ म्हणून सांगतो. त्याची जी फजिती होते ती तोच आपल्याला ऐकवतो, आणि ऐकवताना आपलं काय चुकलं हे त्याला कळलं आहे की नाही याचा आपल्याला पत्ता लागत नाही. विनोदाचं सगळं मर्म या न कळण्यात आहे. पुस्तकात हे सोपं, कारण तिथे शब्द आहेत. कॅमेऱ्यासमोर काय करायचं? निवेदक तर नाहीसा होतो, उरतो फक्त फजिती झालेला माणूस.

प्रभावळकरांनी तो ‘मी’ चेहऱ्यावर आणला. फजिती झाल्यावर त्यांचा चिमणराव पटकन ओशाळत नाही. आधी एक क्षण तो विचार करतो, की हे घडलं ते खरंच आपल्याच बाबतीत घडलं का? मग मान किंचित आत जाते, हात सदऱ्याच्या कडेशी चाळा करतो, आणि मग तो असं काहीतरी बोलतो की जणू ठरवल्याप्रमाणेच सगळं पार पडलं आहे. शेजारी बाळ कर्व्यांचा धिप्पाड गुंड्याभाऊ. एकाच्या अंगात बळ आहे, दुसऱ्याच्या शब्दांत. आणि वेळ आली की दोन्ही उपयोगाला येत नाहीत. आमच्या मजल्यावर एक गिरणीतले जॉबर राहायचे. ब्राह्मणी घरातल्या गोष्टींत त्यांना काय रस असणार, असं मला वाटायचं. एकदा ते हसून हसून खाली बसले आणि म्हणाले, ‘‘आमच्या खात्यात आहे असला एक.’’ तेव्हा मला समजलं की हा माणूस एका पेठेचा नाही.

प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. शिक्षण विज्ञानाचं, नोकरी औषधांच्या कंपनीत. आपल्याकडे नट म्हटलं की त्याने बालपणीच घरातून पळून जायला पाहिजे, निदान नापास तरी व्हायला पाहिजे, अशी एक अपेक्षा असते. ती त्यांनी पूर्ण केली नाही. मला या शिक्षणात तथ्य वाटतं. त्यांच्या कामात एक निरीक्षकाची सवय आहे. नमुना घ्यायचा, त्याला नाव न देता बघत राहायचं, घाईने निष्कर्ष काढायचा नाही. अर्थात हा माझा तर्क. प्रयोगशाळेत काम केलेले इतर हजारो लोक नट झालेले नाहीत, हेही खरं.

चिमणरावाच्या आधीची एक भूमिका मात्र सांगायलाच हवी, कारण ती मुलांसाठीची म्हणून आपण बाजूला टाकतो. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’. त्यातली चेटकीण प्रभावळकरांची. हे नाटक अलीकडे पुन्हा आलं आणि वैभव मांगलेंच्या चेटकिणीने आजच्या मुलांना वेड लावलं, ते आपल्यापैकी अनेकांनी नातवंडांबरोबर पाहिलं असेल. बालनाट्याचा प्रेक्षक जगातला सगळ्यांत कठोर प्रेक्षक असतो. त्याला पटलं नाही की तो सरळ आईला विचारतो, शू कुठे करायची? त्याच्यासमोर खोटं चालत नाही, आणि गंमत अशी की फार खरंही चालत नाही, तो रडायला लागतो. भीती आणि खुदखुद यांच्या मधली जी चिंचोळी पट्टी आहे, तिच्यावरून चालायला ते तिथे शिकले असावेत.

त्या पट्टीवरचा आणखी एक माणूस म्हणजे ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू. महेश कोठारेंचा १९९३ चा चित्रपट. मरता मरता मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरलेला गुंड. बाहुला रामदास पाध्यांच्या हातचा, आवाज प्रभावळकरांचा. प्रत्यक्ष देहाने ते त्या चित्रपटात थोडाच वेळ आहेत, बाकी सगळा कारभार आवाजावर. कल्पना अमेरिकेतल्या एका भयपटावरून घेतलेली, हे कुणी लपवलेलं नाही. पण तो परदेशी बाहुला आपल्याकडे कुणाला आठवत नाही आणि तात्या विंचू आजही शाळेच्या स्नेहसंमेलनात भेटतो. तात्या विंचू माझ्या कोपऱ्यातल्या माणसांच्या सिद्धांतात बसत नाही, आणि त्याला बसवायचा प्रयत्नही मी करणार नाही. सिद्धांताला एखादं भोक असलं की हवा खेळती राहते.

‘हसवाफसवी’बद्दलही थोडक्यात बोलून पुढे जातो, कारण त्यावर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बोलू शकाल. नाटक त्यांनीच लिहिलं, आणि त्यात सहा भूमिका त्यांनीच केल्या. वेशांतराची चपळाई बघायला लोक जायचे. मी दुसऱ्यांदा गेलो तो कृष्णराव हेरंबकरांसाठी. संगीत नाटकांच्या काळातले हे वयोवृद्ध गायक-नट. त्यांच्या थरथरत्या आवाजावर हशा यायचा, भरपूर यायचा, आणि त्याच हशाच्या शेवटी प्रेक्षागृहात एक विचित्र शांतता पसरायची. माझ्या शेजारी एक आजोबा होते. ते हसले नाहीत, रडलेही नाहीत. मांडीवर ताल धरून बसले होते.

आता जिथे मला थांबायचं आहे तिथे येतो : ‘चौकट राजा’. साल १९९१. निर्मिती स्मिता तळवलकरांची, दिग्दर्शन संजय सूरकरांचं. नंदू हा मुलगा लहानपणी खेळताना पडतो, डोक्याला मार बसतो, वाढ तिथेच खुंटते. पुढे त्याची बालमैत्रीण, म्हणजे स्मिताताईंनीच केलेली मीनल, त्याच्याच शेजारी राहायला येते. सुलभा देशपांडे आई, अशोक सराफ गणा. चित्रपटात काही ठिकाणी भावनेचा पाक जरा जास्त घट्ट झालेला आहे, हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पार्श्वसंगीत आपल्याला रडायची सूचना देतं, आणि मला सूचना दिली की मी रडत नाही. पण नंदूकडे बघताना यातलं काही आठवत नाही.

मतिमंद व्यक्तीची भूमिका हा नटासाठी सापळा असतो. दोन मार्ग समोर दिसतात. एक, लक्षणांची नक्कल : वाकडी मान, लोंबता ओठ, अडखळतं बोलणं. दुसरा, देवत्व : हा बिचारा निष्पाप आहे, आपणच पापी. दोन्ही मार्गांवर बक्षिसं मिळतात, पण माणूस मिळत नाही. प्रभावळकरांच्या नंदूला इच्छा आहेत. त्याला राग येतो, तो हट्ट करतो, तो रुसतो, त्याला एखादी गोष्ट हवी असते आणि मिळाली नाही की ती का मिळाली नाही याचा तो विचार करताना दिसतो. विचार पुरा होत नाही, हे वेगळं. त्याच्या हातांकडे बघा. ते हात सतत काहीतरी धरू बघतात आणि धरलेलं सोडायला घाबरतात. तेवढ्यावरून तुम्हाला त्या घरातली वीस-पंचवीस वर्षं कळतात. आईने किती वेळा त्याच्या हातातून काय काय काढून घेतलं असेल, ते कळतं.

आणि याच काळात ते जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’मध्ये अशाच मुलाचे वडील होते. मुलाचं काम अतुल परचुरेंनी केलं होतं. एकाच आजाराच्या दोन्ही बाजूंना एकच नट उभा. हा योग फार कमी जणांच्या वाट्याला येतो. मला नेहमी वाटत आलंय की नंदू इतका खरा उतरला याचं कारण तो ‘नातीगोती’तल्या बापाने रोज बघितला होता. माझ्या एका विद्यार्थिनीचा भाऊ असा होता. ‘चौकट राजा’ बघून आल्यावर तिची आई मला भेटली. चित्रपट आवडला का, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘सर, थिएटरात सगळे रडत होते. मी पहिल्यांदाच नाही रडले.’’ यावर मी काय बोलणार होतो?

आता टिपरे. इथे तुमच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते मला दिसलं.

प्रभावळकरांच्या नटपणावर बोलताना लोक त्यांच्या लेखकपणाला शेवटच्या परिच्छेदात जागा देतात. मला ते उलटं वाटतं. त्यांनी मुलांसाठी ‘बोक्या सातबंडे’ लिहिला, मोठ्यांसाठी ‘गुगली’, ‘कागदी बाण’ असं बरंच विनोदी लिहिलं, आणि आपल्या भूमिकांविषयीच्या पुस्तकाला नाव दिलं ‘एका खेळियाने’. हा ‘खेळिया’ शब्द मला फार आवडतो. कलावंत म्हटलं की खांद्यावर शाल येते. खेळिया म्हटलं की पायाला धूळ लागलेली असते. आमच्याकडे कोकणात शिमग्याला घरोघर फिरतात त्यांना खेळेच म्हणतात.

तर, वृत्तपत्रातल्या एका सदरातून त्यांनी टिपरे कुटुंबाची रोजनिशी लिहिली. तिचं पुस्तक झालं ‘अनुदिनी’. आणि त्यातून २००१ मध्ये अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आलं, दिग्दर्शन केदार शिंदेंचं. आबा स्वतः प्रभावळकर, मुलगा शेखर राजन भिसे, सून श्यामला शुभांगी गोखले, नातवंडं शिऱ्या आणि शलाका म्हणजे विकास कदम आणि रेश्मा नाईक. आठवड्याला एक भाग. हे मुद्दाम सांगतो, कारण आज रोज रात्री अर्धा तास सुरू असणाऱ्या मालिकांच्या सवयीत आपण आठवड्याला एक भाग म्हणजे काय हे विसरलो आहोत. आठवडाभर वाट बघण्यात त्या माणसांना आपल्या घरात वयाने वाढायला वेळ मिळतो. रोज येणारा पाहुणा काही दिवसांनी दिसेनासा होतो, तुम्हाला ठाऊकच आहे.

आबा झाले तेव्हा प्रभावळकरांचं वय सत्तावन्न. म्हणजे त्यांच्या वयाची माणसं तेव्हा कचेरीत बढतीची वाट बघत होती. म्हातारपण त्यांनी उसनं घेतलं, आणि उसन्याचा कुठे वास येऊ दिला नाही. काठी, चष्मा, कंबर वाकवणं यांवर त्यांची मदार नव्हती. आबांचं वय त्यांच्या ऐकण्यात होतं. घरातलं कुणी बोलायला लागलं की आबा आधी त्या माणसाकडे बघतात, मग जरा दुसरीकडे बघतात, आणि मग बोलतात. ज्याला आता कुठलीच घाई नाही अशा माणसाची ती लय. सून रागावली की ते पेपरात तोंड घालतात, पण पान उलटत नाहीत. नातू खोटं बोलतोय हे त्यांना कळतं, आणि ते आपल्याला कळलंय हे त्यालाही कळू देतात, पण त्याच्या आईला कळू देत नाहीत. पाच माणसांच्या घरात किती प्रकारची गुपितं असतात, त्याचा हिशेब ठेवणारा तो एक माणूस. आणि रात्री वही उघडून लिहिणारा.

चिमणरावाचा ‘मी’ आठवतो ना? पंचवीसेक वर्षांनी तो ‘मी’ पुन्हा आला, या वेळी वही घेऊन, आणि लिहिणाराही तोच आणि दिसणाराही तोच. फरक असा की चिमणरावाला आपली फजिती कळत नाही, आणि आबांना सगळ्यांची कळते. एका माणसाच्या कारकिर्दीत हा प्रवास व्हावा, याचं मला अप्रूप आहे. आपल्या घरांमधल्या आजोबांना तेव्हा एकदम भाव आला, हेही सांगायला हवं. आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी त्या काळात डायरी आणून लिहायला सुरुवात केली होती. त्यांच्या सुनेने मला सांगितलं की पहिल्या पंधरा दिवसांत त्यात फक्त दुधाचा हिशेब होता.

मग २००६. ‘लगे रहो मुन्नाभाई’.

गांधींची भूमिका हिंदुस्थानात आणि बाहेर अनेकांनी केली. बेन किंग्जली १९८२ मध्ये, रजित कपूर ‘द मेकिंग ऑफ द महात्मा’त १९९६ मध्ये, नसीरुद्दीन शाह ‘हे राम’मध्ये. ते सगळे इतिहासातले गांधी होते, त्यांच्याभोवती काळ होता, माणसं होती, आंदोलनं होती. राजकुमार हिराणींनी प्रभावळकरांना दिलेला गांधी यातला कुठलाच नाही. मुन्ना नावाचा एक मवाली एका मुलीवर छाप पाडण्यासाठी तीन दिवस-रात्री ओस पडलेल्या ग्रंथालयात बसून गांधी वाचतो, आणि तिथे त्याला हा माणूस दिसतो. बाकी कुणालाच दिसत नाही. पुढे चित्रपटच सांगतो की हा भास आहे. मुन्नाने जे वाचलं नाही ते या गांधींनाही माहीत नाही.

आता नटाची अडचण बघा. त्याला महात्मा करायचाच नाही. त्याला एका गुंडाच्या डोक्यातला महात्मा करायचा आहे. म्हणजे तो प्रेमळ हवा, कारण मुन्नाला प्रेम हवंय. थोडा मिश्कील हवा, कारण मुन्नाला गंभीर माणूस झेपणार नाही. आणि तरीही प्रेक्षागृहात बसलेल्या कोट्यवधी लोकांनी त्याच्याकडे बघून पाय आत घ्यायला हवेत. प्रभावळकरांनी हे सगळं अत्यंत हळू आवाजात केलं. त्यांच्या गांधींनी मुन्नाला एकदाही उपदेश केल्यासारखं वाटत नाही. आपले पुतळे आधीच उभारले गेले आहेत, त्यांच्यावर पक्षी बसतात, हे ठाऊक असलेल्या माणसाची एक सौम्य करमणूक त्यांच्या डोळ्यांत आहे. त्या चित्रपटाने गांधी फार सोपा केला, ही टीका तेव्हा झाली, आणि ती अगदीच चुकीची नाही. गांधीगिरी हा शब्द फुलं वाटण्यापुरता उरला, आणि ज्या माणसाने आपल्या अनुयायांना तुरुंगात जायला शिकवलं त्याचं काम गुलाबाच्या फुलावर भागवलं गेलं. पण ही तक्रार पटकथेकडे करायची. नटाने त्या ओस ग्रंथालयात बसलेल्या माणसाला माणूस ठेवलं.

त्याबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सहाय्यक! आणि गंमत पुढे आहे. पुढच्याच वर्षीचा सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार दर्शन जरीवालांना मिळाला, ‘गांधी, माय फादर’मधल्या गांधींसाठी. सलग दोन वर्षं देशाने गांधींना सहाय्यक ठरवलं. परीक्षकांचं चुकलं असं मी म्हणत नाही. देशाविषयी याहून अचूक काय लिहिता आलं असतं, मला माहीत नाही.

आणि या गांधीनंतर दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, राम गोपाल वर्मांच्या ‘सरकार राज’मध्ये हाच चेहरा घेऊन आले रावसाहेब. खादीतले, मृदू बोलणारे, वडीलधारे. गावाकडे राहणारे, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मी तेव्हा चित्रपटगृहात बसून मनात म्हटलं, चला, बापूच आले. आणि शेवटी सगळ्यामागचा कट त्यांचाच निघाला. नटाने स्वतःच कमावलेल्या विश्वासावर असा पाय देणं, याला हिंमत लागते. मला घरी येईपर्यंत त्या माणसाचा राग येत होता, आणि राग आपल्याला आला आहे की त्यांनी आणला आहे, हे ठरत नव्हतं.

‘नारबाची वाडी’बद्दल दोनच शब्द. २०१३, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. मूळ गोष्ट मनोज मित्र यांच्या बंगाली नाटकाची. तपन सिन्हांनी तिच्यावर बंगालीत चित्रपट केला होता आणि त्यात म्हाताऱ्याचं काम खुद्द मित्रांनीच केलं होतं. मराठीत ती कोकणात आली. नारबा आपल्या नारळी-पोफळीच्या वाडीवर जीव लावून बसलेला. खोताला वाडी हवी. मग करार होतो : खोताने दरमहा पैसे द्यायचे, नारबा मेला की वाडी खोताची. आणि नारबा मरत नाही. आमच्याकडच्या माणसाला ही गोष्ट बंगाली आहे असं सांगितलं तर तो विश्वास ठेवणार नाही. आमच्या गावात अशा तीन वाड्या आहेत आणि त्यांतल्या दोन वाड्यांचे खोत आधी गेले. मरायला टेकलेला माणूस पैसे मिळायला लागल्यावर कसा टवटवीत होतो, त्याच्या पाठीचा कणा दर महिन्याला कसा थोडा सरळ होतो, ते प्रभावळकरांनी मजेत केलं आहे.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’ आला. एक्क्याऐंशी वर्षांचे प्रभावळकर बाबुली मेस्त्री झाले. दृष्टी जात चाललेला म्हातारा दशावतारी. पुढे काय होतं ते सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा हिरमोड नको.

मी दशावतारी मुलखातला आहे, त्यामुळे इथे माझं बोलणं थोडं घरचं होईल. आमच्या देवळासमोर जत्रेला रात्री दहीकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, उभा राहायचा. एक बाकडं, मागे पडदा, बाजूला हार्मोनियम, मृदंग आणि झांज. नट आपला पेटारा घेऊन यायचे आणि त्याच पेटाऱ्यावर बसून रंगायचे. लिहिलेली संहिता नाही. कथा पुराणातली, पण संवाद उभ्या उभ्या सुचेल ते. द्रौपदीचं काम करणारा आमच्या आळीतलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जाताना तो शेतात नांगर धरून चाललेला असायचा आणि त्याच्या कानामागे सफेदा तसाच राहिलेला असायचा. रात्री ज्याला मी हात जोडले होते, त्याला सकाळी मी ‘ओ काका’ म्हणून हाक मारायचो, आणि तो ओ द्यायचा. त्यात मला तेव्हा काही विचित्र वाटलं नाही. आत्ता, या व्याख्यानाच्या तयारीला बसलो तेव्हा जरा वाटलं.

‘दशावतार’ मी कुडाळला पाहिला. मुद्दाम तिकडे गेलो. माझ्याबरोबर एका दशावतारी मंडळात चाळीस वर्षं काम केलेला माझा शाळूसोबती होता. त्याने आता खेळ सोडले आहेत, गुडघे गेले. चित्रपटातले डोळ्यांत पाणी आणणारे प्रसंग आले तेव्हा तो काही बोलला नाही. नायक कोण, खलनायक कोण, याकडेही त्याचं लक्ष नसावं. बाबुली रंगून उभा राहिला, नाचायला लागला, तेव्हा मात्र तो खुर्चीत पुढे सरकला आणि पडद्याच्या खालच्या कडेकडे टक लावून बघत राहिला. मी विचारलं, ‘‘काय बघतस?’’

तो म्हणाला, ‘‘पाय बरोबर टाकता हां.’’

आणि पुन्हा बघायला लागला.